बिनबेंबीची फुली

"ऊन लागलंय हिला, दुसरं काही नाही. उगाच आत काय डोकावताय?"

"बाई, डोकावल्याशिवाय कळणार कसं?"

"मी सांगतेय ना! मीच ठेवली होती उन्हात. नऊ वर्षांची होते. खिडकीत ठेवली आणि गेले खेळायला. आले तर हिचं पोट खपाटीला गेलेलं. झाली त्याला अठ्ठेचाळीस वर्षं."

बोलणारी बाई जन्मभर बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त होऊन चार महिने झाले होते, पण आवाज अजून कामावरच होता. समोरच्या माणसाशी बोलली तरी शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलायची. जुन्या चादरीत गुंडाळून आणलेली गिटार तिनं टेबलावर सोडली होती. एक हात मात्र अजून गिटारीच्या मानेवर होता. गर्दीत पोराचं मनगट धरावं तसा.

ऐकणारा मिस्तरी. सत्तरीला टेकलेला, उंचीनं बेताचा, बोटांची नखं कायम काळी. तारांची वाद्यं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलं. रस्त्याला लागून एकच लांबट खोली, तिला दोन टेबलं, भिंतीवर गळ्याला दोरी बांधून लटकवलेली वाद्यं आणि मागच्या बाजूला एक खिडकी. त्या खिडकीतून दुपारी दोनच्या पुढं ऊन यायचं ते थेट मोठ्या टेबलाच्या कडेपर्यंत. कोपऱ्यात मशीनवर बायको वाद्यांच्या खोळी शिवायची. वरच्या मजल्यावर घर. शेगडीवर पाण्याच्या भांड्यात दुसरं छोटं भांडं आणि त्यात सरस. कातडी-हाडं उकळून काढलेला, लाकूड चिकटवायचा हा जुना डिंक. वास असा, की नवा माणूस आत आला की आधी कोपऱ्यात काही मरून पडलंय का ते बघायचा.

मिस्तरी तरुणपणी ज्यांच्या हाताखाली शिकला ते मोठे मिस्तरी त्याला 'सरस्या' म्हणायचे. "कामात सरस असतास तर सरस म्हटलं असतं. नुसता वास मारतोस, म्हणून सरस्या." नाव पडलं ते पडलंच. आता त्याला त्या नावानं हाक मारणारी माणसं फारशी उरली नव्हती. बायको तेवढी रागावली की म्हणायची.

"बाबांनी काही मारलं-बिरलं नाही मला," कंडक्टरबाई सांगत होती. "दुरुस्तही केली नाही. भिंतीला खिळा ठोकला आणि टांगून ठेवली. म्हणाले, दिसत राहू दे. मग काय, दिसत राहिली. जेवताना दिसायची, अभ्यास करताना दिसायची. लग्न होऊन गेले, माहेरी आले की दारातूनच दिसायची. मागच्या वर्षी बाबा गेले. भाऊ म्हणाला, तुला काय हवं ते ने. मी म्हटलं, ही द्या. भाऊ म्हणतो, ती मोडकी? म्हटलं, मोडली मी, नेणार पण मीच."

"तेव्हा कुणी बघितली होती?" मिस्तरीनं विचारलं. हे विचारायची त्याला गरज नव्हती.

"नदीपलीकडं एक म्हातारे मिस्तरी होते, त्यांच्याकडं नेली होती. मी पण गेले होते, दारात उभी. ते म्हणाले ऊन लागलं. आणि तिथं एक दादा होता, तुमच्यासारखाच वास यायचा त्याला." तिनं नाक ओढलं. "हाच वास. मी त्याला हळूच विचारलं, दादा, उन्हानं मोडते का गिटार? तो म्हणाला, मोडते."

कोपऱ्यातली मशीन चालूच होती. मिस्तरीनं गिटार उचलून खिडकीकडं वळवली. पुढची फळी, जिला तबली म्हणतात, ती घोडीच्या पुढं खाली बसली होती आणि मागं फुगली होती. घोडी म्हणजे तारा जिथं बांधतात तो आडवा तुकडा. ती पुढं कलली होती. हे सगळं त्यानं नंतर बघितलं. आधी त्याची नजर गेली ती गिटारीच्या माथ्यावर. डाव्या कोपऱ्यात नखाएवढा काळपट तुकडा होता. तुटलेला कोपरा भरून काढायला कुणीतरी बसवलेला. इतका नेटका, की सांधा बोटाला लागत नव्हता.

बसवणाऱ्याला बरोबर ठाऊक होतं. बावीस वर्षांचा असताना त्यानं स्वतः तो बसवला होता आणि मोठ्या मिस्तरींनी त्यावर बोट फिरवून नुसतं 'हं' म्हटलं होतं. त्यांचं 'हं' म्हणजे दुसऱ्यांची शाबासकी.

"ठेवून जा," मिस्तरी म्हणाला. "पंधरा दिवसांनी या."

"वाजेल ना?"

"वाजेल."

"मला शिकायचीय," बाई म्हणाली आणि आयुष्यात पहिल्यांदाच आवाज खाली आणल्यासारखी बोलली. "हसू नका. तेव्हा दोन सूर येत होते. नंतर हात लावायची हिंमत झाली नाही. गाडीत कुणी वाद्य घेऊन चढलं ना, की मी त्याला सावलीच्या बाजूला बसवायचे. लोक म्हणायचे, बाई, तिकडं खिडकी आहे, वारा आहे. मी म्हणायचे, गुपचूप बसा."

ती गेली. मिस्तरीनं दार लोटलं, एक छोटा दिवा गोल भोकातून आत सोडला, दांडीला लावलेला बांगडीएवढा आरसा आत घातला आणि तबलीची आतली बाजू बघितली.

तबलीला आतून पंख्यासारख्या पसरलेल्या सात पातळ लाकडी फासळ्या असतात. तारांचा ओढा त्या पेलतात. जाड असल्या तर आवाज दबतो, पातळ केल्या तर मोकळा होतो, आणि फार पातळ केल्या तर एक दिवस तबली बसते. पाचवी फासळी वाकून तडकली होती. तिच्या अंगावर शिसपेन्सिलीची खूण होती. दोन पाय खाली फाकलेले, वर काही नाही.

मिस्तरीनं आरसा तसाच धरून ठेवला. हात कामाला सरावलेले असतात, त्यांना लाज नसते. पण त्यानं आरसा बाहेर काढला, पुसला आणि पुन्हा आत घातला, जणू आरशालाच काही झालं असावं.

त्या दोन पायांची हकिकत अशी.

बाईचे वडील पाणीखात्यात कारकून. संध्याकाळी घरी गिटार वाजवायचे. आवाज दबका येतो म्हणून आणि माथ्याचा कोपरा तुटला म्हणून त्यांनी गिटार मोठ्या मिस्तरींकडं आणली. मोठे मिस्तरी पाचव्या फासळीवर अडले, ती जाड होती. आत हात घालून त्यांनी पेन्सिलीनं फुली मारली. त्यांची पद्धत होती ती. फुलीच्या रेघा जिथं एकमेकींना छेदतात तिथवर तासायचं. वरचे दोन पाय गेले तर चालतील, पण मधला छेद राहिला पाहिजे. ते त्याला बेंबी म्हणायचे. "फुलीची बेंबी दिसली पाहिजे, सरस्या. बेंबी गेली की माणूस जन्माला आलाच नाही असं समज." एवढं सांगून ते डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता.

सरस्यानं भोकातून हात घालून अंगठ्याएवढ्या रंध्यानं फासळी तासायला घेतली. एक साल काढायची, तबलीवर बोटानं टिचकी मारायची, ऐकायचं. आवाज उघडत गेला. बेंबीपाशी आला तेव्हा चांगला होता. अजून एक साल काढली, तर असा काही उघडला, की पोराच्या अंगावर काटा आला. खुणेचं भान होतं त्याला. पण कानाला गोड लागलं की हात थांबत नाही. त्यानं अजून एक साल काढली.

कारकून गिटार न्यायला आले, वाजवून बघितली आणि डोळे मिटून म्हणाले, "अहो, ही इतकी चांगली होती हे मलाच माहीत नव्हतं." मोठ्या मिस्तरींनी सरस्याच्या पाठीवर थाप मारली. थापेची ती जागा पुढं कित्येक वर्षं पोळत राहिली.

सतरा दिवसांनी कारकून परत आले. गिटारीचं पोट बसलेलं. मागं दारात एक पोरगी, फ्रॉकची कड मुठीत घट्ट धरलेली. "हिनं उन्हात ठेवली," कारकून म्हणाले. मोठ्या मिस्तरींनी गिटार हातात घेतली, तबलीवरून बोटं फिरवली, पण आत बघायला डोळे नव्हते. त्यांनी आरसा सरस्याच्या हातात दिला.

"आत बघ. फासळ्या शाबूत आहेत का?"

सरस्यानं बघितलं. पाचवी फासळी तडकलेली, तिच्यावर दोन पाय फाकलेले, बेंबी गायब.

"शाबूत आहेत," तो म्हणाला.

एक शब्द. मग मोठे मिस्तरी म्हणाले, "मग ऊनच लागलं असणार. उघडून बघू का?" कारकून म्हणाले, "नको, राहू दे. हिला दिसत राहू दे." ते पैसे द्यायला आत वळले तेव्हा पोरगीनं ते उन्हाचं विचारलं आणि सरस्या म्हणाला, मोडते.

त्यानंतर मोठे मिस्तरी नऊ वर्षं जगले. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं. त्यांनी फुली मारणं मात्र सोडून दिलं. फासळी तासायची असली की म्हणायचे, "आण इकडं, मी करतो." त्यांना सगळं कळलं होतं, का तो नुसता म्हातारपणाचा हट्ट होता, हे सरस्यानं कधी विचारलं नाही.

सरस्यानं एक सवय मात्र लावून घेतली. ज्या वाद्यात हात घालेल त्याच्या आत, तबलीच्या उलट्या अंगाला, पेन्सिलीनं लिहायचं. काय केलं, कधी केलं आणि चुकलं असलं तर काय चुकलं. 'सांधा जरा उघडा राहिला, माझ्या घाईनं.' 'चुकून पटाशी लागली, तुकडा भरला आहे.' गावातल्या निम्म्या वाद्यांच्या पोटात त्याच्या चुका लिहिलेल्या होत्या. पुढं कुणी कारागीर उघडेल त्याला कळावं म्हणून. कारागिरांत त्याचं नाव होतं या गोष्टीसाठी. सच्चा माणूस, म्हणायचे.

आणि 'शाबूत' हा शब्द त्यानं पुन्हा तोंडातून काढला नव्हता. ठीक आहे म्हणायचा, धड आहे म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी त्यानं गिटारीची पाठ उघडायला घेतली. सुरी गरम पाण्यात बुडवायची, सांध्यात सरकवायची, जुना सरस मऊ होऊन सुटेपर्यंत वाट बघायची, मग बोटभर पुढं. दोन दिवस गेले. पाठ निघाली तेव्हा आत अठ्ठेचाळीस वर्षांची धूळ, एक मेलेला कोळी आणि केसांना लावायची एक छोटी पिन. पिन त्यानं बाजूला काढून ठेवली.

पाचवी फासळी सोडवली. तिचा तुकडा तळहातावर घेतला, बघितला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

"ती खिशात का घातलीत?" मशीन थांबवून बायकोनं विचारलं.

"नमुना म्हणून."

"नमुना टेबलावर असतो."

त्यानं तबली हलक्या वाफेनं मऊ करून, खाली साचा ठेवून, शिकंजात आवळून तीन दिवस सरळ व्हायला ठेवली. नवी फासळी कोरली. तिच्यावर फुली मारली, बेंबीपाशी थांबला. सरसानं चिकटवली. तडे भरले. घोडी नवी केली. खिशातला तुकडा रोज रात्री शर्टाबरोबर खुंटीवर लटकायचा आणि सकाळी पुन्हा अंगावर चढायचा.

बायकोनं चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी तिनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "त्या बाईचा आणि तुमचा काय संबंध?"

"कसला संबंध? गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकाच्या फासळ्या तुम्ही छातीशी धरून फिरत नाही."

मग त्यानं सांगितलं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, तरी हे तिला ठाऊक नव्हतं. सांगताना तो कानस हातात घेऊन तार पिळायच्या एका खुंटीला उगाच घासत होता. बायकोनं सगळं ऐकलं. 

"नऊ वर्षांच्या पोरीवर ढकललंत," शेवटी ती म्हणाली.

"हो."

"आणि आता?"

मिस्तरीनं उघडी गिटार तिच्याकडं वळवली. तबलीच्या उलट्या अंगाला, नव्या फासळीच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पाचवी फासळी मी खुणेपलीकडं तासली होती. विचारल्यावर खोटं सांगितलं. उन्हानं काही झालं नाही. मुलीचा दोष नाही.' खाली तारीख.

"लिहिलंय," तो म्हणाला. "उद्या पाठ चिकटवतो."

बायकोनं वाचलं. चष्मा काढला, पदरानं पुसला आणि पुन्हा लावला.

"सरस्या," ती म्हणाली.  "लिहायचं आणि वरून झाकण लावायचं. ती बाई काय आत जाऊन वाचणार आहे? चव्वेचाळीस वर्षं मी बघतेय, माणूस किती सरळ, किती सच्चा, म्हणून मीही चार जणींत मिरवलं. तुम्ही तर नुसतं वाद्याच्या पोटात बोलताय. पोटाला कान असतात का?"

"मी तुला सांगितलं ना आत्ता?"

"मला सांगून काय उपयोग? मी ठेवली होती का उन्हात?"

तिनं मशीन सुरू केली. त्या दिवशी चहाचा कप टेबलावर असा आदळला, की अर्धा चहा बशीतच सांडला.

पाठ त्यानं तरी चिकटवलीच. ती तशी उघडी ठेवता येत नाही, लाकूड वाकतं, असं स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं.

पंधराव्या दिवशी दुपारी बाई आली. मिस्तरीनं नव्या नायलॉनच्या तारा चढवून सूर लावून ठेवला होता. त्यानं एक तार छेडली. आवाज खोलीभर गेला, आणि बाई दारातच थांबली.

"झाली?"

"झाली."

"बाबा असते तर..." एवढं म्हणून बाईनं नाक पुसलं आणि पिशवी काढली. "बोला, किती झाले ते."

"बाई, जरा बसा. ऊन एवढं काही करत नाही."

"काय?"

"म्हणजे, गिटारीला. एका दुपारच्या उन्हानं तबली अशी बसत नाही. तुमच्या हातून काही झालं नव्हतं. ते काही मनात ठेवू नका."

बाईनं त्याच्याकडं बघितलं. बसमधल्या गर्दीतून वाट काढत येऊन समोर उभं राहून बघावं, तसं.

"मिस्तरी, अडतीस वर्षं गाडीत काढलीत मी. बिनतिकिटाचा माणूस मला चेहऱ्यावरून कळतो. खिडकीबाहेर बघत असतो, असाच, तुमच्यासारखा. म्हातारीला बरं वाटावं म्हणून बोलताय ना? मला नको बरं वाटायला. मी केलं ते मी केलं."

मिस्तरीनं बायकोकडं बघितलं. बायको शिवत असल्यासारखी बसून ऐकत होती. पाय मशीनच्या पॅडलवर नव्हते.

त्यानं दिवा लावून गिटारीत सोडला, आरसा बाईच्या हातात दिला. "आत बघा. वरच्या बाजूला लिहिलंय."

बाईनं एक डोळा मिटून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. आरसा इकडं फिरवला, तिकडं फिरवला.

"हे काय उलटंसुलटं लिहिलंय? कुठली भाषा ही?"

"आरशात उलटं दिसतं."

"मग मला कसं वाचता येणार? डोळे आधीच बारीक झालेत. तोंडानं सांगा ना, काय आहे ते."

इतकी वर्षं तो आरशानंच वाचत आला होता. उलटी अक्षरं त्याला सुलट दिसायची. गिऱ्हाइकाला ती आरशातून वाचताच येणार नाहीत, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मिस्तरीनं खिशातून फासळीचा तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला.

"तो दादा मी होतो."

बाईनं आरसा खाली ठेवला.

"ही खूण दिसतेय? दोन पाय? इथवरच तासायचं होतं. मी पुढं तासलं, आवाज चांगला यायला लागला म्हणून. त्यानंच ती बसली. मोठ्या मिस्तरींना दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, फासळ्या शाबूत आहेत का? मी आत बघितलं, मोडलेली दिसली, आणि म्हणालो शाबूत आहेत. मग तुम्ही विचारलंत आणि तुम्हालाही खोटं सांगितलं. मला कामावरून काढतील म्हणून नाही. त्यांनी पाठीवर थाप मारली होती, ती परत जाईल म्हणून."

बाईनं तुकडा उचलला. हलका होता, काडीसारखा. तिनं तो उलटा केला, सुलटा केला.

"तुम्ही तेव्हा केवढे होता?"

"बावीस."

"मी नऊ."

"हो."

"बाबा गेले हो मागच्या वर्षी." आवाज पुन्हा शेवटच्या बाकापर्यंत गेला. "दीड वर्ष आधी सांगितलं असतंत तरी चाललं असतं! आजारपणात मी रोज त्यांचे पाय चेपायचे आणि ती समोर टांगलेली! शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, पोरी, खिडकी लाव, ऊन येतंय. मी काय समजायचं ते?"

मिस्तरीनं गिटारीतला दिवा विझवून बाहेर काढला. 

बाई उठली. वाटलं, गिटार घेऊन जाणार. पण तिनं खिडकीकडं बघितलं. दोन वाजून गेले होते, ऊन टेबलाच्या कडेला आलं होतं.

"ठेवा तिथं."

"काय?"

"गिटार. उन्हात ठेवा."

"बाई, ऊन लाकडाला चांगलं नसतं. आत्ताच सरस..."

"माझी आहे. ठेवा."

त्यानं गिटार उन्हात ठेवली, पोट वर करून. बाईनं स्टूल ओढलं आणि समोर बसली, पिशवी मांडीवर. बायकोनं मशीन बंद केली, आपलं स्टूल उचलून आणलं आणि बाईच्या शेजारी बसली. दोघी गिटारीकडं बघत राहिल्या, दूध उतू जाईल म्हणून शेगडीपाशी उभं राहावं तशा.

मिस्तरीला काम सुचेना. ऊन माथ्यावरून मानेवर आलं, मानेवरून पोटावर. पाव तासानं तो उठला आणि हात पुढं केला.

"बसा," बाई म्हणाली. "मी ऊन बघतेय. तुम्ही काय बघताय?"

तो बसला.  आपल्या कामाची त्याला खात्री होती, उन्हाचीही होती. तरी बसल्या जागी तो मनातल्या मनात एकेका फासळीचा सांधा मोजत होता, आणि सातवर आला की परत पहिल्यापासून. नऊ वर्षांची पोरगी त्या दिवशी खेळून परत आली असेल, तेव्हा तिनं ही तबली बघितली असेल, हात लावून बघितला असेल. हे त्यानं यापूर्वी कधी डोळ्यांसमोर आणलं नव्हतं. त्याला आजवर आठवायची ती आपली थाप, आपला शब्द, आपली लाज. पोरगी दारात उभी होती तेवढीच. ती घरी गेल्यावर काय झालं, ते त्याच्या हकिकतीत नव्हतंच.

बायकोनं चहा करून आणला. तिघांनी उन्हाकडं बघत प्यायला. रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. बायको पुटपुटली, "याला हाक मारा, आमच्या मिस्तरीला देऊन टाकू." बाईच्या तोंडाचा कोपरा हलला, पण ती हसली नाही.

साडेचारला ऊन टेबलावरून सरकून भिंतीवर गेलं. मिस्तरीनं लोखंडी पट्टी तबलीवर आडवी धरली. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसत नव्हती. त्यानं बाईला वाकून बघायला सांगितलं. ती वाकली नाही. तिनं तळहात पसरून तबलीवर ठेवला.

"गरम झालीय," ती म्हणाली.

"हो."

"नुसती गरम."

बराच वेळ तिनं हात काढला नाही. मग तिनं गिटार बायकोनं शिवलेल्या नव्या खोळीत घातली, चादर घडी करून पिशवीत कोंबली. मिस्तरीनं केसांची पिन पुढं केली. "आत सापडली."

"आईची," बाई म्हणाली. "बाबांच्या गिटारीत हिचं काय काम?" आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात थोडं हसू आलं, पण ते मिस्तरीसाठी नव्हतं. फासळीचा तुकडाही तिनं घेतला.

दारात ती वळली.

"तारा कधी बदलायच्या असतात?"

"वाजवलीत तर सहा महिन्यांनी."

"तेव्हा दुसरीकडं जाईन मी. सांगून ठेवते, वाट बघू नका."

"बरं," मिस्तरी म्हणाला.

ती गेली. तिचा आवाज रस्त्यावर कुणाला तरी बाजूला सरकायला सांगताना ऐकू आला, मग तोही गेला.

शेगडीवरचा सरस दुपारभरात आटून भांड्याला चामड्यासारखा चिकटला होता. मिस्तरीनं त्यात गरम पाणी ओतलं आणि काडीनं खरवडायला घेतलं. खोलीत वास सुटला. बायकोनं नाकाला पदर लावला आणि आपलं स्टूल मशीनपाशी नेलं.

बाजूला कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं मेंडोलिन पडलं होतं. संध्याकाळी न्यायला येणार होता. सकाळी त्याची घोडी बसवताना मिस्तरीच्या हातून तबलीवर एक बारीक ओरखडा गेला होता, घोडीखाली झाकला जाईल एवढाच. त्यानं मेंडोलिन जवळ ओढलं, कानामागची पेन्सिल काढली.

"आत लिहिताय?" बायकोनं विचारलं.

"लिहितोय."

"आणि?"

मिस्तरीनं लिहून संपवलं, पेन्सिल कानामागं खोचली.

"न्हावी आला की मला हाक मार," तो म्हणाला, आणि सरस पातळ झाला का ते बघायला काडी वर उचलून धरली.